तांबट आळीतलं खारं पाणी

वापी, ९ नोव्हेंबर २००३

ती. तात्यांना सुधीरचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. कंपनीने दिलेलं घर बरं आहे, मीनाला स्वयंपाकघर आवडलं आणि श्रुतिकाला गच्ची. वर्षभराचीच बदली आहे, निघेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की अख्ख्या मजल्याला कळतं. म्हणून माशांच्या टँकबद्दल जे काही आहे ते लिहूनच कळवत जाईन.

तुम्ही चौतीस वर्षं महाडच्या कोर्टात काढलीत, नाझर म्हणून निवृत्त झालात, लोकांची जप्तीची भांडीकुंडी सांभाळलीत. माझी एक काचेची पेटी तुम्हाला जड जाऊ नये. फक्त नियम पाळा. माशांना दिवसातून एकदाच चिमूटभर खाणं, डब्यातलं. रविवारी पन्नास लिटर पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. पाणी गाळण्याच्या यंत्रातलंच, नळाचं नाही. त्यानंतर नायट्रेटचं माप: कुपीत पाणी, पहिल्या बाटलीचे दहा थेंब, दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवून तिचे दहा, पाच मिनिटं थांबून रंग कार्डाशी ताडायचा.

नायट्रेट म्हणजे काय ते पुन्हा सांगतो. मासे घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्याचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते पाण्यात साठत राहतं. माशांना ते बऱ्यापैकी चालतं, प्रवाळांना अजिबात चालत नाही. आई होती तेव्हा माप शंभराच्या खाली कधी आलं नाही, म्हणून तेव्हा नुसते मासेच होते. मग मी फेस काढणारं ते नवं यंत्र बसवलं आणि दोन महिन्यांत माप पाचवर आलं. लॅबमध्ये मी महिनाभर तेच सांगत फिरत होतो. त्यानंतरच प्रवाळ आणले. तेव्हा पाचाचं पाचच राहिलं पाहिजे, तात्या. एवढंच सांभाळा.

तुमचा,
सुधीर

महाड, १८ नोव्हेंबर २००३

चि. सुधीर यास नाथू विठोबा उतेकर याचा आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. पत्राने कळवतोस हे बरे करतोस, तोंडी बोलणे पुराव्यात येत नाही.

जप्तीची भांडी खात नाहीत आणि घाणही करत नाहीत, तेव्हा तुझी तुलना मला मान्य नाही. ज्या गावात दर पावसाळ्यात सावित्रीचे गोडे पाणी उंबऱ्याशी येऊन उभे राहते, त्या गावात पिशवीतले मीठ विकत आणून घरात समुद्र करणारा तू पहिलाच. असो. हुकमाप्रमाणे रविवारी पाणी बदलले. बादल्या वाहून कंबर धरली. कुपीतला रंग पिवळा आला, म्हणजे पाच. मी कार्ड उजेडात धरून दोनदा पाहिले.

आवडी सकाळी एसटीने येते, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून साडेअकराच्या गाडीने परत जाते. आमटीत मीठ जास्त घालते, पण बाई सरळ आहे. जेवायला मी असतो आणि समोर तुझी पेटी असते. मोठा नारिंगी मासा ताटाकडे टक लावून बघतो. लहानपणी तू असाच बघायचास.

श्रुतिकाचे अक्षर सुधारले का ते कळव.

महाड, ३० नोव्हेंबर २००३ (पोस्टकार्ड)

चि. सुधीर यास आशीर्वाद. आजचे माप दहा. पाणी बदलले होते. बाकी क्षेम.

वापी, ७ डिसेंबर २००३

ती. तात्यांना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. 'दहा. बाकी क्षेम.' अहो, दहा आलं तर क्षेम कसं? पंधरा दिवसांत दुप्पट झालं!

मला खरं सांगा, चिमूटभर म्हणजे तुम्ही किती घालता? तुमची चिमूट म्हणजे तपकिरीची चिमूट असेल तर ती निम्मी करा. वरच्या कप्प्यातला स्पंज दर आठवड्याला धुता का? धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. यंत्राच्या पेल्यात काळपट फेस जमतो तो ओतून टाकता ना? वीज जाते तेव्हा यंत्र बंद पडतं आणि परत आल्यावर ते आपोआप सुरू होत नाही. बटण दाबावं लागतं. मी निघताना हे तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तुम्ही पेपर वाचत होता.

इथे मी दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्याची मापं घेतो आणि माझ्या स्वतःच्या पाण्याचं माप मला पोस्टाने आठ दिवसांनी कळतं. मीना म्हणते, पेटीचं टपाल येतं तेव्हा मी जेवत नाही. मला थट्टा सुचत नाहीये, तात्या.

सुधीर

महाड, १६ डिसेंबर २००३

चि. सुधीर यास आशीर्वाद.

मी तपकीर ओढणे सोडून नऊ वर्षे झाली. तुझ्या आईने सोडायला लावली. डब्यातले खाणे आता निम्मे घालतो. स्पंज पेटीच्या पाण्यातच धुतो. फेसाचा पेला ओततो, त्याचा वास न्हाणीघरात दोन दिवस राहतो. वीज रोज दुपारी जाते, आली की बटण दाबतो. हे सर्व मी पहिल्यापासून करत आहे. तू तीनदा सांगितलेस तेव्हा पेपर वाचत होतो हे खरे, पण कान उघडे होते. त्या वेळी ते चालतही होते.

रविवारचे माप पंचवीस. रंग केशरी. खोटी नोंद मी उभ्या हयातीत केली नाही, तेव्हा आहे ते लिहितो.

तो जांभळ्या टोकांचा प्रवाळ दोन दिवस मिटून बसला आहे. मी त्याच्याशी बोलून पाहिले.

तू जेवत नाहीस हे मीना बोलली ते बरे केले. जेवत जा.

वापी, २४ डिसेंबर २००३

ती. तात्यांना नमस्कार.

प्रवाळाशी बोलून पाहिलंत! मी इथे कपाळावर हात मारून घेतला.

आता नीट ऐका, म्हणजे वाचा. नवं खारं पाणी पेटीत घालण्याआधी बादलीतच त्याचं माप घ्या. तिथेच नायट्रेट निघालं तर दोष पाण्याचा. शून्य आलं तर पाणी सुटलं. मग मासे मोजा. पाच आहेत. एखादा दगडामागे मरून कुजत असेल तर माप असंच चढतं. आणि आवडीकडे चौकशी करा. ती पेटीत काही टाकते का? कामाला येणाऱ्या बायकांना वाटतं, एवढे मासे चिमूटभर खाण्यावर कसे जगणार. दया येते आणि टाकतात पोळीचा तुकडा. तिला रागावू नका, पण स्पष्ट विचारा.

जांभळ्या टोकांचा प्रवाळ मी सव्वा वर्ष वाढवलाय. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. तो गेला तर मला खरंच फार वाईट वाटेल.

सुधीर

महाड, ५ जानेवारी २००४

चि. सुधीर यास आशीर्वाद.

हुकमाप्रमाणे चौकशी पूर्ण केली. बादलीतल्या पाण्याचे माप शून्य, सबब पाणी निर्दोष. मासे मोजले, पाचही हजर, पैकी एक दगडामागे लपला होता, त्याला बाहेर येईपर्यंत पाऊण तास बसून राहिलो.

आवडीचा जबाब घेतला. तिच्याच शब्दांत देतो. "तात्या, माज्या हाताला मासा लागला तर तो कालवनातला. ह्या पेटीतल्याला मी बोट पन लावत नाय. काचंवरची धूळ पुसते तीबी डोळं मिटून. तो पिवळा माझ्याकडं बघतो, मला भ्या वाटतं." तिने पेटीत काही टाकलेले नाही. माझी खात्री आहे.

रविवारचे माप पन्नास. जांभळ्या टोकांच्या प्रवाळाचा अर्धा भाग पांढरा पडला. हे लिहायला हात होत नव्हता, पण लिहिले.

वापी, १४ जानेवारी २००४

ती. तात्यांना नमस्कार.

पन्नास. मी पत्र मीनाकडे दिलं आणि बाहेर जाऊन आलो.

आता भावना बाजूला ठेवून हिशोब केला. दर आठवड्याला आपण पाचवा हिस्सा पाणी बदलतो, म्हणजे माप पाचव्या हिश्शाने उतरायला पाहिजे. उतरत नाही, चढतं. पाणी निर्दोष, यंत्र चालू, मासे जिवंत. मग उरतं एकच. पेटीत रोज कोणीतरी वीस-पंचवीस ग्रॅम शिजवलेलं अन्न टाकतं आहे. शिजवलेलं, कारण डब्यातल्या खाण्याने एवढं चढायला आठवड्याला अख्खा डबा संपायला हवा, आणि तुम्ही निम्मंच घालता हे तुम्हीच कळवलंत. मी हे काम बारा वर्षं करतोय. आकडे खोटं बोलत नाहीत.

घरात माणसं दोन. तुम्ही चिमूट निम्मी करणारे, खोटी नोंद न करणारे. राहिली आवडी. तुम्हाला ती सरळ वाटते, मलाही वाटायची. पण डोळ्यांत डोळे घालून 'बोट पन लावत नाय' म्हणते याचं मला जास्त वाईट वाटतं. तिला या महिनाअखेर कामावरून कमी करा. शेजारच्या मंजुळाबाईंच्या सुनेला विचारा, ती डबा देईल.

आणि पेटीचंही आता बस्स झालं. रविवारी ८ फेब्रुवारीला मुंबईचा मासेवाला टेम्पो घेऊन येईल आणि दगड, मासे, प्रवाळ सगळं घेऊन जाईल. इथे बसून मी त्यांना मरताना पत्रातून वाचू शकत नाही. तुमचीही बादल्यांतून सुटका होईल. त्या जागी मी तुम्हाला चांगला टीव्ही घेऊन देईन.

सुधीर

महाड, २१ जानेवारी २००४

चि. सुधीर यास आशीर्वाद.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असा निकाल तू दिलास. आवडी पोलादपूरकडच्या वाडीतून दोन डोंगर उतरून रस्त्याला येते तेव्हा तिला एसटी मिळते. तिचा नवरा मुंबईला असतो आणि शिमग्यालाच घरी येतो. तिला मी कमी करणार नाही. तिने काही केलेले नाही. अन्न पेटीत मी टाकतो.

तू विचारलेस, आवडी काही टाकते का. मी उत्तर दिले, नाही. ते खरे होते. मी टाकतो का, हे तू विचारले नाहीस. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या साक्षीदारांना वकील सांगत असत, विचारतील तेवढेच सांगा. चौतीस वर्षे ते ऐकले आणि म्हातारपणी मुलाशी तेच वागलो. ही लबाडी आहे हे मला कळत होते. पहिल्या पत्रापासून कळत होते.

तुम्ही गेलात त्या दुपारी ताट वाढून बसलो. पहिला घास हातात घेतला तो तोंडापर्यंत जाईना. इतकी वर्षे मी एकट्याने कधी जेवलो नाही. कोर्टात डबा खायलाही चार जण असत. मग उठून पेटीचे झाकण सरकवले आणि घास आत सोडला. नारिंगी मासा आला, त्याने एक शीत तोंडात घेतले, थुंकले, पुन्हा घेतले. मग मी परत येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे रात्रीच्या जेवणालाही. तसे केल्याशिवाय जेवण जात नाही.

हे मी नवीन काढलेले नाही. तुझी आई घाटाखालच्या वाडीतली. तिच्या माहेरी गुरांना घास दिल्याशिवाय बायामाणसे ताटावर बसत नसत. लग्न होऊन ती तांबट आळीत आली तेव्हा शेजारी मंजुळाबाईंची गाय होती. रोज पहिला घास तिला. गाय गेली, गोठ्याच्या जागी झेरॉक्सचे दुकान झाले. मग ती घास हातात धरून दारात उभी राहायची, कधी कावळा यायचा, कधी मांजर, कधी कोणीच नाही, आणि कोणीच आले नाही की तिची चिडचिड व्हायची. तू पेटी आणलीस तेव्हा म्हणाली, "दारात गाय नाय तर नाय. घरात जीव हाय ना?" त्या दिवसापासून घास पेटीत.

तू एकदा तिच्यावर ओरडला होतास, पेटीत हात घातलास तर पेटी फोडून टाकीन म्हणून. त्यानंतर तू कारखान्याला गेल्यावरच ती घालू लागली. तुझी पाळी बदलली की तिची जेवायची वेळ बदले. तू कधी विचारले नाहीस, आई आज चार वाजता का जेवते.

शेवटच्या महिन्यात ती अंथरुणावर होती, तेव्हा घास बंद झाला. तुझे फेसाचे यंत्रही त्याच महिन्यात आले. ती गेल्यावर दोन महिन्यांनी तू वही उघडून माझ्याकडे आलास, "तात्या, पाच आलं!" म्हणून. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसत होते. मी काय सांगणार होतो?

पेटी न्यायची तर ने, ती तुझी आहे. प्रवाळ माझ्यामुळे मेला, त्याची मला लाज वाटते. पण आवडीच्या नावावर हे घालू नकोस. आणि मला टीव्ही नको. टीव्हीला घास देता येत नाही.

वापी, २८ जानेवारी २००४

ती. तात्यांना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा आधी रागच आला, आणि दर वेळी तो 'चार वाजता का जेवते' या ओळीपाशी संपला.

मी मीनाला विचारलं. तिला ठाऊक होतं. म्हणाली, "आई मला खिडकीशी उभी करायच्या, तुम्ही वळणापलीकडे गेलात की मी सांगायचे." श्रुतिकालाही ठाऊक होतं, ती झाकण धरायची. म्हणजे घरात माझ्याशिवाय सगळ्यांना! मी बी.एस्सी. केमिस्ट्री, पाण्यातला कणभर दोष शोधण्याचा पगार घेतो, आणि दोन वर्षं एका यंत्राची फुशारकी मारत फिरलो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. ते पाच माझं नव्हतं. आई जेवायची थांबली होती, त्याचं ते माप होतं, आणि मी ते वहीत लाल शाईने चौकट करून लिहिलं आहे.

तिच्यावर ओरडलो होतो ते मला आठवतं. तुम्ही लिहिण्याआधीही आठवत होतं. त्याचं आता काय करू, तात्या? कोणाला सांगू?

आवडीला माझ्या वतीने सांगा की सुधीर चुकला. तिला यातलं काही कळलं नसेल तरी सांगा.

आता नवा हुकूम. मासेवाला ठरल्या दिवशी येईल, पण फक्त प्रवाळ नेईल. जे वाचले ते त्याच्याकडे जगतील. मासे आणि पेटी जागेवर राहतील. घास चालू ठेवा. पण दुपारचा एकच, सुपारीएवढा, आणि नुसता भात, कालवण लावलेला नको. नारिंगी माशाचं पोट म्हणजे तुमचं पोट नाही. रविवारी पन्नासऐवजी पंचाहत्तर लिटर पाणी बदला, बादल्या वाहायला शेजारच्या जानूला दर वेळी बोलवा, एकट्याने वाहू नका. यात माप पंचवीसच्या आसपास राहील. माशांना ते चालतं.

आणि शेवटचं. आजवर माप चढलं म्हणून मी तुम्हाला टोचून टोचून पत्रं लिहिली. यापुढे ते पाचावर आलं तर मात्र मी पहिल्या गाडीने महाडला येईन आणि तुमच्या समोर ताट घेऊन बसेन. लपवू नका. हे मी आता स्पष्ट विचारून ठेवतो, म्हणजे तुम्हाला स्पष्ट उत्तर द्यावं लागेल: दर रविवारी माप किती, आणि तुम्ही जेवलात का?

तुमचा,
सुधीर

महाड, ९ फेब्रुवारी २००४

चि. सुधीर यास आशीर्वाद.

मासेवाला काल येऊन प्रवाळ घेऊन गेला. पेटी उघडीबोडकी दिसते. त्याने पाण्याचा वास घेऊन विचारले, "साहेब, इतकी चांगली पेटी, पाण्याचं असं का केलंत?" मी सांगितले, घरगुती कारण.

आवडीला तुझा निरोप दिला. ती भांडी घासायची थांबली नाही. म्हणाली, "मला म्हायती होतं की. झाकनावर चिकटलेली शितं रोज कोन पुसतं? मीच ना?" मी म्हणालो, मग बाई, मी विचारले तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुमी मला माझं इचारलं. तुमचं कुठं इचारलं?" हिला कोर्टात नोकरी लागायला हवी होती.

सुपारीएवढा म्हणालास, पण अख्खी की खांडाएवढी, याचा हुकमात उल्लेख नाही. मी अख्खी धरली आहे. जानू बादल्या अर्ध्याच भरतो आणि पूर्ण भरल्याचे सांगतो, त्याच्या मागे उभे राहावे लागते. पंचाहत्तर लिटर म्हणजे काय चेष्टा वाटली तुला?

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरे. कालचे माप पंचवीस. जेवलो.

तुझी जुनी वही काढून पाहिली. तुझ्या आईच्या वेळचे माप दोन वर्षे सलग शंभर आहे. मी दोन वेळा घास घालून, लपवून, एवढे करूनही पन्नासाच्या वर गेलो नाही. तिचा हात मोठा होता.